टेलिफोनवाले बेल : आधी कर्णबधिर मुलांचे मास्तर

अलेक्झांडर ग्रॅहम बेल म्हटलं की टेलिफोन, एवढं आपल्याला शाळेतच पाठ झालेलं असतं. पण हा माणूस मूळचा कर्णबधिर मुलांचा मास्तर, हे फार जणांना ठाऊक नाही.

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिनबरा येथे झाला. आई एलायझा यांना फार कमी ऐकू यायचं. लहानगा बेल आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन बोलायचा, नाहीतर बोटांनी अक्षरं करून घरातलं बोलणं तिला सांगायचा. वडील उच्चार शिकवणारे शिक्षक होते. तोच धंदा मुलाने उचलला आणि १८७१ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या कर्णबधिर शाळेत शिकवू लागला. पुढे मेबल हबर्ड ही विद्यार्थिनी त्यांच्याकडे आली. लहानपणी तापात तिचं ऐकणं गेलं होतं. १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट मिळालं, १८७७ मध्ये मेबलशी लग्न झालं.

टेलिफोनमुळे आलेला पैसा बेल यांनी कर्णबधिरांच्या शिक्षणाकडे वळवला. ही मुलं घरापासून लांब वसतिगृहात टाकू नका, ऐकू येणाऱ्या मुलांत मिसळू द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८३ मध्ये वॉशिंग्टनला त्यांनी स्वतः छोटी शाळा काढली. त्याच इमारतीत ऐकणाऱ्या मुलांची बालवाडी ठेवली, म्हणजे खेळताना दोघं एकत्र येतील. दोन वर्षांत ती शाळा बंद पडली.

पण इथेच बेल यांची मोठी चूकही झाली. मुलांनी ओठ वाचावेत, तोंडानेच बोलावं, वर्गात हातवाऱ्यांची भाषा नको, असा त्यांचा हट्ट होता. कर्णबधिर शिक्षकांनाही त्यांचा विरोध होता. ज्या बोटांनी आईशी बोलले, तीच बोटं वर्गात नको म्हणाले! कर्णबधिर समाज आजही त्यांना याचा दोष देतो.

२ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात बेल यांचं निधन झालं. अंत्यविधीच्या वेळी अमेरिका व कॅनडातले टेलिफोन मिनिटभर बंद ठेवले होते.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकत्र शिक्षणही सांगितलं आणि कर्णबधिर मुलाला त्याला समजेल अशा भाषेत शिकवायलाही सांगितलं. म्हणजे नुसतं पहिल्या बाकावर बसवून भागत नाही. गुरुजींनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, आणि चार खुणा गुरुजींनी व वर्गातल्या पोरांनीही शिकाव्यात. नाहीतर ते पोरगं भरल्या वर्गातही एकटंच राहतं.