धन्यवादित कार्लो न्योक्की: डोंगरी पलटणींचे फादर

इटलीचे फादर कार्लो न्योक्की (१९०२-१९५६) दुसऱ्या महायुद्धात 'आल्पिनी' या डोंगरी पलटणींबरोबर स्वेच्छेने गेले. आधी अल्बेनिया-ग्रीसच्या बर्फाळ डोंगरांत, मग रशियात. जानेवारी १९४३ च्या माघारीत हजारो जवान मेले. फादरही रस्त्याकडेला कोसळले. बर्फावरच्या एका घसरगाडीने त्यांना वाचवले. मरणाऱ्या जवानांचे निरोप व चीजवस्तू त्यांनी जपून आणल्या आणि आल्प्सच्या खोऱ्यांत घरोघरी पोहोचवल्या. पुढे युद्धात अपंग झालेल्या मुलांचा सांभाळ केला. मृत्यूनंतर त्यांच्या नेत्रदानाने दोन अंध मुलांना दृष्टी मिळाली. २५ ऑक्टोबर २००९ रोजी ते धन्यवादित घोषित झाले.

आपण मृतांसाठी मिस्सा अर्पण करतो. त्यांच्या मागे राहिलेल्यांच्या घरी आपण जातो का?