संत गोन्सालो गार्सिया : गुरुदीक्षेविना पाचारण

पाचारण म्हणजे धर्मगुरुपद, असे समीकरण कॅथलिक संतचरित्रांच्या वाचनात सहज गृहीत धरले जाते. आजच्या पालघर जिल्ह्यातील वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र या समीकरणाला छेद देणारे आहे.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास पोर्तुगीज पिता व कोकणातील माता यांच्या पोटी झाला. वसईत येशूसंघीयांकडे शिक्षण घेऊन कोवळ्या वयातच ते त्यांच्यासमवेत जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. तथापि येशूसंघात प्रवेश मिळण्याची त्यांची इच्छा फलद्रूप झाली नाही. ते व्यापाराकडे वळले, त्यात यशस्वीही झाले. परंतु अंतरीची ओढ शमली नाही. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना बंधू म्हणून स्वीकारले.

बंधूला मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार नसतो. गोन्सालो यांच्या सेवेचे साधन ठरली ती भाषा. १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते जपानला परतले व हिदेयोशीसमोर उभे राहिले. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी ठार करण्यात आले. त्यांत धर्मगुरू, बंधू व प्रापंचिक असे सारेच होते.

१८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी या सर्वांना एकत्रच संतपद बहाल केले. भारतात जन्मलेला पहिला संत हा असा गुरुदीक्षेविना राहिलेला बंधू होय.