शेठ वालचंद हिराचंद

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव हे गाव आहे. तेथील साखर कारखान्याच्या गोळ्या महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी आवडीने खाल्ल्या. ज्यांनी १९३३ साली हा उद्योग स्थापन केला, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनीच भारतात मोटारींचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतला होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी होती. परंतु त्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी अवघड कामेही त्यांनी पार पाडली. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. तिच्यामागेही वालचंदांचे साहस होते.

त्या काळी आपल्या रस्त्यांवर धावणारी प्रत्येक मोटार परदेशी बनावटीची असे. हे परावलंबन वालचंदांना सलत होते. नाशिक येथे १८८४ साली ज्यांनी आपल्या नोकरीस आरंभ केला, ते थोर अभियंते विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना आखली होती. तिला मूर्त रूप देण्यासाठी वालचंद १९३९ साली अमेरिकेस गेले आणि १९४० साली क्रायस्लर कंपनीशी त्यांनी करार केला. परंतु महायुद्ध सुरू झाले होते. मोटारींचा कारखाना युद्धकार्यास आवश्यक नाही, असे ठरवून परकीय सरकारने साहाय्य नाकारले.

दुसरा एखादा उद्योजक अशा वेळी निराश झाला असता. वालचंदांनी मात्र डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साहाय्याने बंगलोर येथे विमानांचा कारखाना उभा केला, तर जून १९४१ मध्ये विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीच्या कारखान्याचा पाया घातला गेला. मोटारीचा संकल्पही त्यांनी सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ साली, कुर्ला येथील कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. आरंभी परदेशातून आलेले भाग येथे जोडले जात. पुढे हळूहळू ते भाग येथेच तयार होऊ लागले.

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. लावलेल्या रोपाचा वृक्ष झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या पश्चात याच कारखान्याने इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची बांधणी हाती घेतली. या गाडीच्या घराण्याला शर्यतीची परंपरा होती. १९४७ साली इटलीतील ‘मिले मिलिया’ या लांब पल्ल्याच्या शर्यतीत नुव्होलारी या प्रख्यात चालकाने दुसरा क्रमांक मिळवला, तो फियाट ११००च्या इंजिनावर आधारलेल्या चिसितालिया गाडीतून. भारतातही मद्रासजवळील शोलावरम येथे कुर्ल्याच्या फियाट गाड्या शर्यतीत धावल्या. परदेशी गाड्या आणणे दुर्घट असल्याने आपल्या कारागिरांनी साध्या कौटुंबिक गाडीलाच वेगाचे शिक्षण दिले. त्यांनी इंजिनात हवा व इंधन अधिक जाईल अशी सोय केली, अनावश्यक वजन काढून टाकले आणि खडबडीत वाटेवरील धक्के सोसण्यासाठी स्प्रिंगा भक्कम केल्या. पुढे याच कारखान्याची प्रीमियर ११८ एनई ही गाडी मोटार-रॅलींमध्ये लोकप्रिय झाली.

नाशिकच्या परिसरातही अशा रॅली झाल्या आहेत. जवळच ओझर येथे विमानांचा कारखाना आहे. वालचंदांनी बंगलोरला सुरू केलेल्या उद्योगाचीच ती पुढील शाखा होय. शर्यतीत जिंकणाऱ्याचे नाव सर्वांच्या मुखी होते. परंतु ज्याने आधी रस्ता मोकळा केला, त्याचे स्मरण ठेवणे हेही आपले कर्तव्य आहे. नकार मिळाला तरी संकल्प न सोडणे, हाच वालचंदांच्या चरित्राचा बोध आहे.