हेलियमचा शोध खरंच विजयदुर्गात लागला का?

मालवणहून विजयदुर्गला गेलात तर किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकियर साहेबाने इथूनच हेलियम शोधला, असं सांगतात. गोष्ट भारी आहे, पण साल चुकतंय.

तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्येच होते. नोकरी लंडनच्या वॉर ऑफिसात कारकुनाची, आकाशाचा नाद फावल्या वेळेतला. प्रकाश ही मोबाईलच्या सिग्नलसारखीच विद्युतचुंबकीय लहर, फक्त तरंगलांबी कितीतरी कमी. तापलेल्या वायूतलं प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतं, म्हणून लोलकातून प्रकाश फोडला की ते ओळखू येतं. २० ऑक्टोबर १८६८ ला, ग्रहण नसताना, लॉकियर यांनी सूर्याच्या कडेचा प्रकाश असाच तपासला. त्यातली ५८७.६ नॅनोमीटरची पिवळी रेघ कुठल्याच माहितीतल्या मूलद्रव्याशी जुळेना. हे नवं मूलद्रव्य आहे, यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. अखेर १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांना तोच वायू पृथ्वीवरच्या खनिजात सापडला. तोवर २७ वर्षं गेली होती.

विजयदुर्गला लॉकियर आले हे मात्र खरं. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, वयाच्या ६१ व्या वर्षी, दुर्बिणी घेऊन. ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला होते. १९२० मध्ये ते वारले. विजयदुर्गात हेलियम दिवस आजही १८ ऑगस्टलाच साजरा होतो.