वेगाचे रसायन आणि डॉ. कमला सोहोनी

लोहा-कंधार परिसरात तुरीची डाळ, सोयाबीन शिजवूनच खाल्ले जाते. या जुन्या रीतीमागे रासायनिक अभिक्रियेच्या वेगाचे शास्त्र आहे. आतड्यातील ट्रिप्सिन हे विकर, म्हणजे एन्झाइम, प्रथिनांच्या विघटनाचा वेग वाढवते. विकर अभिक्रियेचा समतोल बदलत नाही. तेथवर लवकर पोहोचवते, इतकेच. कच्च्या कडधान्यांतील काही द्रव्ये मात्र ट्रिप्सिनलाच रोखतात आणि पचन मंदावते. उष्णतेने त्यांचा जोर ओसरतो. भारतीय कडधान्यांतील या रोधकांवर मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधन केले ते डॉ. कमला सोहोनी यांनी.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत या लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या भगिनी. १९३३ मध्ये बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. केवळ स्त्री म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला आणि त्यांच्या कामानेच ती अट निरर्थक ठरवली. संस्थेची दारे पुढे इतर विद्यार्थिनींनाही खुली झाली.

वनस्पतींच्या श्वसनातील सायटोक्रोम सी या घटकावर संशोधन करून त्यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी परदेशी विषयांमागे न जाता डाळी, नीरा असे गरिबाच्या ताटातले अन्न तपासले. पुढे त्या इन्स्टिट्यूटच्या संचालिका झाल्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. अभिक्रियेला रोधक असतात आणि त्यांवर उपायही असतो, हे त्यांनी प्रयोगशाळेत अभ्यासले. त्याआधी ते स्वतः अनुभवले होते.