थॉमस स्टीफन्स

फादर थॉमस स्टीफन्स (जन्म : १५४९, विल्टशायर, इंग्लंड, मृत्यू : १६१९, गोवा) हे येशूसंघाचे धर्मोपदेशक, ‘क्रिस्तपुराण’ या मराठी महाकाव्याचे कर्ते आणि कोकणीचे आद्य व्याकरणकार होत. पाप कोणते, त्यांतले गंभीर कोणते आणि त्याची क्षमा कशी मिळते, हा कॅथलिक धर्मविचार गोमंतकीयांना त्यांच्याच भाषेत सांगण्याच्या कार्यात त्यांचे जवळजवळ सारे आयुष्य गेले.

पूर्वायुष्य

स्टीफन्स यांचे शिक्षण विंचेस्टर येथे झाले. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिकांना जाच होत असल्याने ते रोमला गेले व १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टी प्रांतात काढला.

कुंकळ्ळीची घटना

स्टीफन्स येण्यापूर्वीच, १५६७ च्या सुमारास, पोर्तुगीजांनी साष्टीतील देवळे पाडली होती. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी रुडॉल्फ आक्वाव्हिवा व अन्य चार येशूसंघीयांना ठार केले. पुढे गावच्या प्रमुखांना बोलणीच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची हत्या केली. मारले गेलेले धर्मगुरू स्टीफन्स यांचे सहकारी होते. ज्यांना धर्म शिकवायचा, ते याच परिसरातले लोक होते. दोन्ही बाजूंचे हे रक्त लक्षात ठेवूनच त्यांच्या लेखनाकडे पाहिले पाहिजे.

गंभीर पापाचा विचार

कॅथलिक शिकवणुकीनुसार पाप गंभीर ठरण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : कृत्याचा विषय भारी असणे, ते पाप आहे याची पुरती जाण असणे आणि मनाची संपूर्ण, स्वेच्छेची संमती असणे. यांपैकी एकही उणी असेल, तर पाप त्या पूर्ण अर्थाने गंभीर ठरत नाही. गंभीर पापाने आत्म्यातील ईश्वरी कृपेचे जीवन नष्ट होते, म्हणून त्यास मरणाचे पाप म्हणतात. क्षम्य पापाने ते जीवन दुबळे होते, पण तुटत नाही. गंभीर याचा अर्थ अक्षम्य असा मात्र नव्हे. पश्चात्ताप आणि पापनिवेदन, म्हणजे गोवा-वसईकडील भाषेत कुमसार, यांनी त्याचीही क्षमा होते.

मराठी वाचकाला येथे धर्मशास्त्रातील महापातक व उपपातक हा भेद आठवेल. ब्रह्महत्या, सुरापान, चोरी इत्यादी महापातकांची यादी प्रामुख्याने कृत्यावरून केलेली आहे. तथापि, जाणूनबुजून केलेल्या व अजाणता घडलेल्या पापाला प्रायश्चित्त वेगवेगळे, हा विचार आपल्या स्मृतींतही आहेच. कॅथलिक विचारात ही जाण आणि संमती पापाच्या व्याख्येतच येऊन बसली, एवढा फरक.

१२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन आवश्यक ठरवले होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये सांगितले की, आठवणारे प्रत्येक गंभीर पाप त्याच्या प्रकारासह व संख्येसह सांगावे. आता ऐकणाऱ्या धर्मगुरूला पुढ्यातल्या शेतकऱ्याची भाषाच कळत नसेल, तर हे घडणार कसे? मिशनऱ्यांच्या भाषाभ्यासामागे विद्येची आवड होती तशीच ही निकडही होती. स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण त्यांच्या पश्चात १६४० मध्ये रायतूर येथे, इतरांनी भर घालून, छापले गेले. ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही त्यांची कोकणी प्रश्नोत्तरी तेथेच १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मार्कुस जॉर्ज यांच्या पोर्तुगीज पुस्तकावर ती आधारलेली आहे.

क्रिस्तपुराण

हे काव्य १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत प्रथम छापले गेले. यात ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील ओवी छंदात १०,९६२ ओव्या आहेत. पहिल्या पुराणात आदाम व एवा यांच्या पतनाची कथा येते. एक फळ खाणे ही वरवर क्षुल्लक बाब. पण आज्ञा ईश्वराची, ती स्पष्ट ठाऊक असलेली आणि मोडणारे स्वतंत्र. वरील तिन्ही अटी त्या एका कथेत सापडतात. दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र आहे. त्यात येशूला नाकारणारा पेत्र आणि त्याला धरून देणारा यहुदा यांची पापे जवळजवळ येतात. पेत्र रडला आणि परतला, यहुदा निराश झाला.

संमतीशिवाय गंभीर पाप नाही, असे शिकवणारा धर्म साष्टीत मात्र राजसत्तेच्या दडपणाखाली पसरला. ही विसंगती स्टीफन्स यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. लोकांना जुने ग्रंथ मिळेनासे झाल्यावर त्यांच्या हाती त्यांच्याच भाषेतले काव्य द्यावे, असे त्यांना वाटले, हेही तितकेच खरे.

क्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. या जुन्या छापील आवृत्त्यांची प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी व १९५६ मध्ये देवनागरीत शांताराम बंडेलू यांनी ग्रंथाचे संपादन केले.