महात्मा जोतीराव फुले : हक्कांचे शिक्षक

भूक लागली म्हणजे मूल आपोआप रडतें; तें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु शाळेंत बसण्याचा, सार्वजनिक हौदावर पाणी भरण्याचा किंवा आपल्या श्रमाचा योग्य मोबदला मागण्याचा आपणांस अधिकार आहे, ही गोष्ट माणसाला कोणीतरी सांगावी लागते. ज्याला ती कोणी सांगितली नाहीं, तो अन्यायालाच आपलें नशीब समजून मुकाट्यानें बसतो. ती सांगण्याचें काम आपल्या महाराष्ट्रांत ज्यांनीं आयुष्यभर केलें, त्या महात्मा जोतीराव फुले ह्यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजीं झाला. त्यांचें घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुण गांवचें, आडनांव गोऱ्हे. पुण्यास फुलांचा धंदा करूं लागल्यामुळें लोक त्यांना फुले म्हणूं लागले. जोतीराव वर्षाचेहि झाले नव्हते, तोंच त्यांची आई चिमणाबाई वारली. पुढें सगुणाबाई क्षीरसागर ह्यांनीं त्यांना मायेनें वाढविलें.

वडील गोविंदराव ह्यांनीं मुलाला पंतोजींच्या शाळेंत घातलें खरें. पण माळ्याचा मुलगा शिकला तर तो मळ्याच्या कामाला निरुपयोगी होईल, असें लोकांनीं त्यांच्या मनांत भरविलें. त्यांनीं मुलाला शाळेंतून काढलें व त्याच्या हातीं खुरपें दिलें. गोविंदरावांना मुलाचें वाईट करावयाचें होतें असें नाहीं. शिक्षणावर आपल्या मुलाचाहि हक्क आहे, हेंच त्यांना ठाऊक नव्हतें. शेजारीं राहणारे गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब ह्यांनीं मात्र मुलाची हुशारी हेरली होती. त्यांनीं बापाची समजूत घातली, आणि १८४१ सालीं, चौदाव्या वर्षीं, जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले. त्याच्या आदल्याच वर्षीं नायगांवच्या सावित्रीबाईंशीं त्यांचा विवाह झालेला होता.

१८४७ सालीं त्यांचें शालेय शिक्षण पुरें झालें. त्याच सुमारास टॉमस पेन ह्या ग्रंथकाराचें मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक त्यांच्या वाचनांत आलें. पेन हा जन्मानें इंग्रज. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा व फ्रान्सच्या राज्यक्रांतीचा तो मोठा कैवारी. हक्क हे राजानें दिलेलें दान नसून ते माणसाबरोबर जन्माला येतात, हें त्याचें म्हणणें. लंडनमध्यें १७९१ सालीं छापलेलें हें पुस्तक अर्धशतकानंतर पुण्यांतील एका माळ्याच्या मुलाच्या हातीं पडलें आणि त्याच्या मनांत रुजलें.

१८४८ सालीं एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातींत चालत असतां, शूद्रानें आमच्या बरोबरीनें चालूं नये, असें म्हणून वऱ्हाडी मंडळींनीं जोतीरावांचा अपमान केला. तो त्यांच्या जिव्हारीं लागला. परंतु सूड घेण्याचा विचार त्यांनीं केला नाहीं. त्याच वर्षीं अहमदनगर येथें अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार ह्यांची मुलींची शाळा त्यांनीं पाहिली, आणि पुण्यास भिड्यांच्या वाड्यांत स्वतः मुलींची शाळा काढली. शिकविण्याचें काम सावित्रीबाईंनीं पत्करिलें. त्यांना जोतीरावांनींच लिहावयास-वाचावयास शिकविलें होतें. शाळेस जातांना लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेंकीत. लोकांच्या धाकानें गोविंदरावांनीं मुलाला व सुनेला घराबाहेर काढलें. तरी शाळा चालूच राहिली. पुढें अस्पृश्य मानलेल्यांच्या मुलांसाठीं शाळा निघाली, आणि १८५५ सालीं दिवसभर राबणाऱ्यांसाठीं रात्रीची शाळा सुरू झाली. १८६८ सालीं जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. वर्गांत शिकविलेलें त्यांनीं अंगणांत आचरून दाखविलें.

जगाकडे त्यांचें बारीक लक्ष असे. अमेरिकेंत गुलामगिरीच्या प्रश्नावरून १८६१ पासून १८६५ पर्यंत भयंकर यादवी युद्ध झालें व शेवटीं तेथील निग्रो गुलाम कायद्यानें मुक्त झाले. ही वार्ता जोतीरावांनीं आपल्या घरचीच मानली. १८७३ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘गुलामगिरी’ हें आपलें पुस्तक त्यांनीं गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, आणि आपल्या देशबांधवांनींहि हा कित्ता गिरवून शूद्र बंधूंस दास्यांतून सोडवावें, अशी आशा व्यक्त केली. त्याच वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं त्यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला.

१८८२ सालीं सरकारनें शिक्षणाच्या चौकशीसाठीं विल्यम हंटर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं आयोग नेमला. जोतीरावांनीं त्यापुढें लेखी निवेदन सादर केलें. सरकारचा महसूल बहुतांशीं शेतकऱ्याच्या घामांतून येतो, पण तो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, शिक्षकांना पुरेसा पगार द्यावा, शेतकरी वर्गांतूनहि शिक्षक तयार करावे, आणि हिशेब, इतिहास, भूगोल ह्यांबरोबर शेती व आरोग्य ह्यांचेंहि ज्ञान द्यावें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सक्तीच्या शिक्षणाची मागणी त्या वेळीं मान्य झाली नाहीं.

मे १८८८ मध्यें मुंबईच्या जनतेनें त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षीं पक्षाघातानें त्यांचें उजवें अंग लुळें पडलें. तेव्हां डाव्या हातानें लिहून त्यांनीं ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हें पुस्तक पुरें केलें. जोतीराव मिशनच्या शाळेंत शिकले, तरी ते ख्रिस्ती झाले नाहींत. एकाच घरांत निरनिराळ्या धर्मांचीं माणसें प्रेमानें नांदावींत, असें त्यांनीं ह्या ग्रंथांत मांडलें. हक्कांविषयीं लिहितांना केवळ पुरुष म्हणून ते थांबत नाहींत. स्त्री व पुरुष असा दोघांचाहि उच्चार ते आवर्जून करतात. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. हा ग्रंथ १८९१ सालीं, त्यांच्या पश्चात्, छापून निघाला.

जोतीरावांच्या देहावसानानंतर अठ्ठावन्न वर्षांनीं, १० डिसेंबर १९४८ रोजीं, संयुक्त राष्ट्रसंघानें पॅरिस येथें मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याच्या मसुद्यांत सर्व पुरुष असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. ती बदलून सर्व मानव असें लिहवून घेण्याचा आग्रह आपल्या देशाच्या प्रतिनिधी श्रीमती हंसा मेहता ह्यांनीं धरला व तो सिद्धीस नेला. ह्या बाई आपल्या शेजारच्या सुरत शहरीं जन्मलेल्या. जोतीरावांची शब्दांविषयींची ती दक्षता येथें पुन्हां दिसून आली. जाहीरनाम्याच्या सव्विसाव्या कलमांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें असावें, आणि शिक्षणानें मानवी हक्कांविषयींचा आदर वाढवावा, असें सांगितलें आहे. १९९५ ते २००४ हें दशक राष्ट्रसंघानें मानवी हक्कांच्या शिक्षणासाठीं वाहिलें. आणि डिसेंबर २०११ मध्यें, आपले हक्क जाणून घेणें हाहि प्रत्येकाचा हक्कच आहे, असें जाहीर केलें. आपल्या देशांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ सालीं झाला. जोतीरावांच्या निवेदनानंतर त्याला एकशें सत्तावीस वर्षें लागलीं.

कायदा झाला, तरी काम संपलें असें नाहीं. पावसाळा सरला कीं आपल्या नंदुरबार जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें ऊसतोडीसाठीं दूर जातात, आणि त्यांच्याबरोबर वर्गांतलीं मुलेंहि जातात. हजेरीपटावर नांव राहतें, बांकावरची जागा रिकामी होते. त्या आईबापांना दोष देण्याचें कारण नाहीं. गोविंदरावहि असेच अडचणींतले व भोळे होते. पालकांना विनंती एवढीच कीं, मुलाला बरोबर नेण्यापूर्वीं एकदां शाळेंत येऊन शिक्षकांशीं बोलावें. आणि मुलांनो, तुमच्या शेजारचें एखादें मूल शाळेंतून निघून गेलें, तर आपल्या वडील मंडळींना घेऊन त्याच्या घरीं जा आणि त्याच्या आईबापांची समजूत घाला. गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब ह्यांनीं त्या दिवशीं ह्याहून अधिक कांहीं केलें नव्हतें.